दरिद्रगृहाचें दफ्तर आणि कुलवृत्तान्त : स्टॅन्लीच्या आत्मवृत्ताची साक्षपरीक्षा

गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आम्हांस टपालानें दोन वस्तु आल्या. हे गृहस्थ पुष्कळ वर्षें इंग्लंडांत स्थायिक झालेले असून त्यांच्या पत्नीचें माहेर उत्तर वेल्समधील आहे. पहिली वस्तु म्हणजे तिकडील एका 'वर्कहौसा'च्या आवकजावक नोंदवहीच्या पानाची छायाप्रत. दुसरी, आफ्रिकेचा सुप्रसिद्ध प्रवासी सर हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याचें १९०९ सालीं छापलेलें आत्मवृत्त. पत्नीच्या माहेरीं पिढ्यान्‌पिढ्या असें सांगत आले कीं, त्यांच्या घराण्यांतील एक बाई त्या वर्कहौसांत स्वयंपाकीण म्हणून चाकरीस होती. नोंदवही म्हणते कीं, ती तेथें आश्रयास आली होती. गरोदर असतां आली आणि तान्हें मूल घेऊन स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडली. या एका पानामुळें घरांत बराच क्षोभ झाला आहे. सासूबाईंचें म्हणणें, कारकुनानें चूक केली. जांवईबोवांचें म्हणणें, अस्सल कागद खोटें बोलत नाहीं. "गुरुजी, स्टॅन्लीचें बालपण तशाच घरांत गेलें, त्याचा ग्रंथ वाचून दोहोंपैकीं खरें कोण तें ठरवून कळवावें," अशी आम्हांस आज्ञा आहे.

एका घरगुती वादासाठीं त्रैमासिकाचीं पानें कां खर्चावींत, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा वाद आपल्याच घरचा आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ केल्यापासून अस्सल पत्र मोठें कीं बखर मोठी, या प्रश्नावर आपण भांडत आलों आहों, आणि पत्राच्या बाजूनें निकाल लागला असें बहुतेकांस वाटतें. त्या निकालाची परीक्षा परक्या देशाच्या, आपला अभिमान जेथें गुंतलेला नाहीं अशा दफ्तरावर करून पाहण्यास ही संधि चांगली आहे.

वर्कहौस म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. १८३४ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्स येथील कित्येक पॅरिशांचा मिळून एकेक संघ करण्यांत आला. संघावर करदात्यांनीं निवडलेलें पालकमंडळ, आणि संघाचें एक गृह. असे संघ सहाशेंच्या आसपास होते. गृहांतील जिणें बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जिण्याहून कमी हवेंसें वाटावें, हें त्या कायद्याचें उघड धोरण होतें. म्हणून दाराशींच नवरा एका बाजूस, बायको दुसऱ्या बाजूस आणि मुलें तिसऱ्या बाजूस जात. अँडोव्हर येथील गृहांत खतासाठीं कुटावयास दिलेल्या हाडांचा कुजका मगज भुकेले लोक चघळीत होते, हें १८४५ सालीं उघडकीस येऊन पार्लमेंट हादरलें. पालकमंडळें १९३० च्या एप्रिलांत बंद झालीं व कायद्याचा उरलेला सांगाडा १९४८ सालीं मोडला. आपल्या देशांतही १८७४ च्या कायद्यानें भटक्या युरोपियनांसाठीं सरकारी वर्कहौसांची तरतूद केली होती, पण तो विषय निराळा.

आतां नोंदवही. तिचा नमुना वरून ठरवून दिलेला असे. तारीख, नांव, धंदा, धर्मपंथ, जन्माचें साल, आहाराचा वर्ग, कोणत्या पॅरिशच्या खर्चीं, कोणाच्या हुकुमानें, येतांना शरीरस्थिति कशी, असे रकाने. मौजेची गोष्ट अशी कीं, आल्यानंतरचें पहिलें जेवण कोणतें, यास स्वतंत्र रकाना आहे. जाण्यापूर्वींचें शेवटचें जेवण कोणतें, यासही आहे. परंतु बापाच्या नांवास रकाना नाहीं. ज्यांनीं आपल्याकडील कोठीचे किंवा शिलेदारांच्या हजिरीचे कागद हाताळले आहेत, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. हा हिशेबाचा कागद आहे, आणि आपण त्यास वंशावळ विचारीत आहों. जें हिशेबास लागत होतें तें त्यांत बहुधा चोख उतरलेलें असतें. मनुष्य कोणत्या दिवशीं आंत आला व कोणत्या दिवशीं बाहेर गेला यावर शिधा आणि पॅरिशच्या नांवें पडणारा खर्च अवलंबून असल्यामुळें तेथें लबाडी किंवा आळस फार काळ टिकत नसे. उलट वय, धंदा, नातें हीं आश्रितानें तोंडीं सांगावयाचीं व कारकुनानें मनास येईल तशीं उतरावयाचीं. एकाच ओळींत एक शब्द दगडावर कोरल्यासारखा पक्का आणि त्याच्या शेजारचा शब्द ऐकीव, असा हा प्रकार आहे. 'अस्सल' ही पदवी ओळीस मिळत नाहीं, रकान्यास मिळते.

स्टॅन्लीच्या प्रकरणांत हें कसें दिसतें तें पाहूं. तो मूळचा जॉन रोलंड्स. १८४१ सालीं वेल्समधील डेन्बी येथें जन्मला. बाप्तिस्म्याच्या नोंदींत तो अनौरस असल्याचें स्पष्ट लिहिलें असून पित्याचें नांवही जॉन रोलंड्स असें दिलें आहे. तथापि खरा पिता डेन्बींतील एक वकील असावा अशीही एक दंतकथा आहे. म्हणजे आरंभींच पाद्र्याची वही एक सांगते आणि गांव दुसरें सांगतें! मातामहाच्या मृत्यूनंतर हा मुलगा पैसे देऊन दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवला होता. पैसे थांबतांच त्या घरच्या मुलानें, मावशीकडे नेतों असें सांगून, त्यास सेंट असफच्या वर्कहौसाच्या दारांत नेऊन सोडलें. तारीख २० फेब्रुवारी १८४७. मुलाचें वय सहा. तेथून तो १३ मे १८५६ रोजीं बाहेर पडला.

कसा बाहेर पडला, हाच वादाचा मुद्दा. आत्मवृत्तांतील प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं वाचला असेल. एका नव्या मेजावर ओरखडे उठले. शाळामास्तर जेम्स फ्रान्सिस यानें गुन्हेगार कोण तें विचारलें. कोणी कबूल होईना, तेव्हां सर्वांस झोडण्याचें ठरविलें. जॉननें उलट प्रतिकार करून मास्तरास खालीं पाडलें, त्याच्याच सोट्यानें त्यास बडविलें, आणि मोझ नांवाच्या सोबत्यासह बागेच्या भिंतीवरून उडी टाकून पळ काढला. नंतर तो पितृपक्षाच्या आजाकडे गेला, तेथून हांकलला गेला, आणि शेवटीं ब्रिनफर्ड येथील शाळेंत मास्तर असलेल्या मोझेस ओवेन नामक आप्ताजवळ स्थिरावला. नोंदवहींत मात्र भिंत नाहीं, सोटा नाहीं. हॉलिवेल येथील नॅशनल स्कुलांतील आपल्या 'अंकल'कडे गेला, एवढेंच तेथें लिहिलें आहे.

पुढील चरित्रकारांनीं या नोंदीच्या आधारें पलायनाची कथा बनावट ठरविली आहे. टिम जील यांचें २००७ सालचें मोठें चरित्र याच मताचें आहे, आणि निष्कर्ष आम्हांसही मान्य आहे. परंतु त्या निष्कर्षास पोंचण्याचा मार्ग लोक समजतात तितका सरळ नाहीं. दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवल्या तर प्रथम त्यांचें ऐक्यच डोळ्यांत भरतें. महिना तोच, वर्ष तेंच; हॉलिवेलच्या टापूंतील शाळा तीच, कारण ब्रिनफर्ड हें हॉलिवेलच्या लगतचें गांव. भेद दोन ठिकाणीं आहे. एक बाहेर पडण्याच्या रीतीविषयीं, व दुसरा नात्याविषयीं.

नात्याच्या बाबतींत नोंदवही चुकली आहे, ग्रंथ बरोबर आहे. मोझेस ओवेन हा जॉनच्या मावशीचा मुलगा, म्हणजे मावसभाऊ. वयानें मोठा, हुद्द्यानें मास्तर, तेव्हां कारकुनानें किंवा अन्य कोणीं तरी त्यास 'अंकल' करून टाकलें. कुलवृत्तान्त शोधणारांनीं या एका शब्दाजवळ थांबावें अशी आमची विनंति आहे. इंग्रजींतील तो शब्द काका, मामा, मावशीचा नवरा व आत्याचा नवरा या चौघांनाही पुरतो, आणि या नोंदींत तर चौघांपैकीं एकासही लागू नाहीं. कोणी आपल्याकडील भाषांतरकार या ओळीचें मराठी करितांना सहज 'काकाकडे गेला' असें लिहील, आणि मग एखादा वंशवृक्षकार रोलंड्स घराण्यास हॉलिवेलची एक शाखा फोडून देईल. अशा शाखा आपल्याकडील छापील कुलवृत्तान्तांत किती फुटल्या आहेत, हें वाचकांस ठाऊक आहेच.

आतां रीतीविषयीं. येथें नोंद कांहीं बोलत नाहीं, आणि तिच्या मौनावर निकाल द्यावयाचा आहे. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानतांना एक अट घातली आहे: योग्य अशीच अनुपलब्धि प्रमाण होय. भूतलावर घट दिसत नाहीं यावरून घट नाहीं असें तेव्हांच म्हणावें, जेव्हां घट असता तर तो दिसलाच असता. अंधारांत घट न दिसणें याची किंमत शून्य. वर्कहौसाच्या दफ्तरास हा नियम लावून पाहावा. मुलाच्या अंगावरील कपडे पालकमंडळाच्या मालकीचे असत, आणि ते घालून पळून जाणें हा शिक्षापात्र गुन्हा होता. मास्तरास भर शाळेंत मार बसला, दोन मुलें कपड्यांनिशीं नाहींशीं झालीं, तर 'फरारी' हा शब्द लिहिणें हिशेबनिसास भागच होतें. तसें न लिहितां मुलाचा मुक्काम कोठें हें शांतपणें लिहून ठेवण्यास कारण नव्हतें. येथें घट असता तर दिसला असता. शिवाय १८६६ सालीं स्टॅन्ली स्वतः होऊन सेंट असफच्या त्या गृहास भेट द्यावयास गेला, आणि तेथें त्याचें स्वागत झालें, ही गोष्ट मास्तरास बडवून भिंत ओलांडणाऱ्या मुलाच्या वर्तनाशीं जुळत नाहीं. म्हणून पलायन झालें नाहीं असें आमचेंही मत.

मात्र त्याच श्वासांत कित्येकजण पुढें जाऊन म्हणतात कीं, मग मारहाणही खोटी. येथें आम्ही त्यांच्याबरोबर जाऊं शकत नाहीं. १८४७ च्या नियमांप्रमाणें मुलींस शारीरिक शिक्षा करण्यास बंदी होती, आणि मुलांस केलेली शिक्षा वहींत लिहावयाची होती. पण ती वही ठेवणार कोण? संस्थेचेच अधिकारी. कानशिलांत मारलेली चपराक, खांद्यावर बसलेली पट्टी, अशा गोष्टी वहींत उतरण्याची वाट नव्हती. येथें अंधार आहे, आणि अंधारांतील न दिसण्यावरून फ्रान्सिस निर्दोष ठरत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्हीं स्वतः चौतीस वर्षें शाळेंत काढलीं आणि त्यांतील पहिलीं कित्येक वर्षें हातांत छडी होती. वर्षअखेरच्या कोणत्याही अहवालांत त्या छडीचा उल्लेख नाहीं. उद्यां कोणी आमच्या शाळेचें दफ्तर उघडून या मास्तरानें कोणास बोटही लावलें नाहीं असें अनुमान काढील, तर तो आमच्याविषयीं चांगलें पण चुकीचें लिहील. दुसरी बाजूही आहे. फ्रान्सिस हा खाणींत एक हात गमावून मास्तरकीकडे वळलेला मनुष्य. पुढें त्याची बुद्धि भ्रमिष्ट होऊन वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला असें आत्मवृत्तच सांगतें. त्याच्या हाताखालच्या विद्यार्थ्यास सेंट असफच्या बिशपानें १८५५ च्या जानेवारींत अभ्यास व सद्वर्तन यांबद्दल बायबल बक्षीस दिलें. तो बक्षिसाचा लेख ग्रंथांत उतरलेला आहे. त्या मुलास वाचावयास, लिहावयास आणि पुढें जगभर फिरून ग्रंथ रचण्याइतपत भाषा वापरावयास पहिल्यानें ज्यानें शिकविलें, त्या मास्तराची कीर्ति आज केवळ एका सोट्यापुरती उरली आहे. स्वतःची बाजू मांडणारा एकही कागद त्यानें मागें ठेवलेला नाहीं. व्यवसायबंधु म्हणून आमचा कल त्याच्याकडे झुकत असेल. वाचकांनीं तेवढी सूट धरून आमचें मत घ्यावें.

आत्मवृत्त या साधनाची योग्यता किती? स्टॅन्लीनें तें उतारवयांत लिहावयास घेतलें, तें अपुरें राहिलें, १९०४ सालीं तो वारला आणि पत्नी डॉरथी हिनें संपादून तें छापविलें. प्रसंग आणि लेखन यांत चाळीस वर्षांच्या आसपास अंतर, आणि मध्यें दुसऱ्याचा हात. हीं बखरीचीं सर्व लक्षणें झालीं. त्यांतील दत्तविधानाची कथा तर उघड पडली आहे. न्यू ऑर्लिअन्सच्या ज्या हेन्री होप स्टॅन्ली नामक व्यापाऱ्यानें आपणांस पुत्र मानून नांव दिलें व जो १८६१ सालीं वारला असें ग्रंथ म्हणतो, तो व्यापारी १८७८ पर्यंत हयात होता. पित्याचें नांव नसलेल्या मनुष्यानें एक पिता निर्माण केला आणि काम झाल्यावर त्यास मारून टाकलें. ही लबाडी खरी, पण आम्हांस तिच्यावर हंसवत नाहीं.

परंतु समकालीन, स्वहस्तलिखित, दिनांकित कागद तरी काय सांगतो? १८६६ सालींच डेन्बीच्या किल्ल्यांतील अभ्यागतांच्या वहींत त्यानें जॉन रोलंड्स या आपल्या जुन्या नांवानें सही केली आणि आपण युनायटेड स्टेट्सच्या आरमारांत 'एन्साइन' आहों असें लिहिलें. हस्ताक्षर त्याचें, शाई त्या दिवसाची, वही जागच्या जागीं. कागद अस्सल आहे, आणि मजकूर खोटा आहे. हा गृहस्थ आरमारांत कारकून होता व १८६५ सालीं तेथून पळालेला होता. आमच्या संग्राहकमित्रांस हें उदाहरण मुद्दाम देतों. शिक्का, कागद व वळण तपासून झालें म्हणजे परीक्षा संपली असें त्यांस वाटतें. ती तेथें सुरू होते.

वर्कहौसांतील स्मृति सर्वस्वीं अविश्वसनीय, असा मात्र कोणाचा ग्रह होऊं नये. चित्रपटांतील प्रख्यात विदूषक चार्ली चॅप्लिन हा आई व भावासह लंडनच्या लँबेथ वर्कहौसांत राहिला होता. त्यानें १९६४ सालीं, म्हणजे साठांहून अधिक वर्षांनीं, आत्मवृत्तांत लिहिलें कीं, एकदां आईनें रीतसर अर्ज करून आम्हां दोघां भावांस बाहेर काढलें, केनिंग्टन पार्कांत आम्हीं दिवस घालविला, काळ्या चेरी खाल्ल्या, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून खेळलों, आणि संध्याकाळच्या चहास परत आंत गेलों. एवढ्या काळानंतरची ही गोड हकीकत. कोणीही ती कविकल्पना म्हणून सोडून दिली असती. पण लँबेथच्या वहींत १८९८ च्या ऑगस्टांत तिघेही एकाच दिवशीं बाहेर गेल्याची व परत आल्याची नोंद आहे. वहीच्या दृष्टीनें ही निव्वळ कटकट: कपडे द्या, कपडे घ्या, ते पुन्हां वाफेंत घाला. तें कशासाठीं घडलें, हें वहीस कधींच कळलें नाहीं. उलट चॅप्लिन म्हणतो कीं नंतर आम्ही हॅनवेलच्या शाळेंत परतलों. दफ्तर म्हणतें कीं त्या वेळीं मुलें नॉर्वुडच्या शाळेंत होतीं. दोन शाळा स्मृतींत एक झाल्या. चेरी खऱ्या, शाळा चुकीची. साक्षीदार सबंध खरा किंवा सबंध खोटा ठरविण्याची कोर्टाची संवय इतिहासांत चालत नाहीं, हें यावरून दिसतें.

स्टॅन्लीच्या ग्रंथांतही असें एक स्थळ आहे. तो दहाएक वर्षांचा असतां त्याची आई दोन लहान मुलें घेऊन त्याच गृहांत आश्रयास आली. मास्तरानें बोट दाखवीपर्यंत त्यानें तिला ओळखलें नाहीं, आणि तिच्या नजरेंत ओलावा न दिसल्यामुळें त्याचें मन मिटून गेलें. आई आल्याचें दफ्तर दाखवूं शकतें. मुलानें ओळखलें नाहीं हें दाखवूं शकत नाहीं. पण मुलगे व स्त्रिया यांचे भाग निराळे ठेवण्याचा जो नियम वर सांगितला, त्यामुळें ही हकीकत सर्वथा संभाव्य ठरते. या एका पानावर आमचा विश्वास बसतो. कारण येथें लेखकास शौर्य मिरवावयाचें नाहीं, उलट ही गोष्ट झांकणेंच त्याच्या सोयीचें होतें.

जातां जातां आपल्या प्रांताशीं जुळणारा एक धागा. याच स्टॅन्लीनें १८७२ सालीं लिव्हिंग्स्टनकडे जीं माणसें पाठविलीं त्यांत जेकब वेनराइट हा होता. गुलामगिरींतून सुटलेला हा आफ्रिकी मुलगा नाशिकजवळील शरणपूर येथें मिशनऱ्यांच्या हाताखालीं शिकला. नांव इंग्रजी, शिक्षण नाशिकचें, घराणें अज्ञात. त्याच्या आईबापांचा शोध घ्यावयाचा तर संस्थेच्या कागदांपलीकडे कोण जाणार? नाशिककडील संग्राहकांनीं शरणपूरचे जे कागद हातीं लागतील ते जपून ठेवावे.

इंग्लंडांतील शोधकांसाठीं आणखी दोनतीन गोष्टी. १८६१ सालीं पार्लमेंटपुढें एक यादी आली. पांच वर्षें सलग वर्कहौसांत राहिलेल्या सुमारें १४,००० प्रौढांचीं नांवें तींत असून त्यांस स्वतःचें पोट कां भरतां येत नाहीं त्याचें कारणही दिलें आहे. खानेसुमारींत मात्र आश्रितांचीं केवळ आद्याक्षरें लिहिण्याची चाल कित्येक गृहांनीं पाळली, तेव्हां तेथें पूर्ण नांव न मिळाल्यास निराश होऊं नये. १८६९ पासूनच्या धर्मपंथाच्या वह्यांत जवळच्या आप्ताचें नांव कधीं कधीं सांपडतें. आणि १९०४ पासून सरकारनेंच असें ठरविलें कीं, वर्कहौसांत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यांत त्या गृहाचें नांव न घालतां रस्ता व घरक्रमांक असा साधा पत्ता घालावा, म्हणजे मुलास जन्मभर डाग लागणार नाहीं. दयेपोटीं खोटा झालेला हा अस्सल दाखला!

आतां आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. त्यांनीं पाठविलेल्या पानावर त्या बाईच्या आगमनाची व गमनाची तारीख आहे, तिच्याविषयीं शंका नको; ती आश्रयासच आली होती. सासूबाईंनीं कारकुनास दोष देऊं नये. पण 'स्वयंपाकीण' हा शब्द त्या घराण्यानें हवेंतून काढला, असेंही जांवईबोवांनीं समजूं नये. या गृहांतून धट्ट्याकट्ट्या स्त्रियांस स्वयंपाकघर, धुणें व झाडलोट यांच्या कामास लावीत असत. ती तेथें स्वयंपाक करीत असेल, आणि पुढें मुलास तेवढेंच सांगितलें असेल. याच छायाप्रतीच्या कडेस, बाळाच्या ओळीसमोर, दुसऱ्या शाईनें एक आंकडा घातलेला दिसतो. तो दुसऱ्या एखाद्या वहीच्या पानाचा असावा असा आमचा तर्क आहे. तें पान काढवून पाठवावें असें आम्हीं त्यांस कळविलें असून उत्तर आल्यास तें पुढील अंकीं देऊं.